शो संपल्यावर गळ्याचं काय करायचं

शोच्या दुसऱ्या दिवशी आवाज बसला की सगळे गाण्याला दोष देतात, पट्टी वर होती, मॉनिटरमधे (गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधे) काही ऐकू येत नव्हतं, शेवटचं गाणं उगाच ताणलं वगैरे. असेलही तसं. पण माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा आवाज गाण्याने नाही जात, गाणं संपल्यावरच्या दोन तासांत जातो. कारण तेव्हा व्होकल कॉर्ड, म्हणजे गळ्यातल्या आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्या, आधीच थोड्या सुजलेल्या असतात, अंगात अजून शोचा जोश असतो त्यामुळे काही दुखतबिखत नाही, मागे स्पीकर चालू असतात आणि आपण एकेका माणसाशी ओरडून बोलत सुटलेलो असतो. म्हणून हे जे खाली लिहिलंय ते स्टेजवरून उतरल्या मिनिटापासून सुरू होतं. सकाळी काय करायचं तेही सांगतो, पण तोपर्यंत अर्धा निकाल लागलेला असतो हे धरून चाला.

आधी आत काय होतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं अर्ध आपोआप कळतं. स्वरयंत्रात दोन व्होकल कॉर्ड असतात, लांबी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर, बायकांच्या थोड्या आखूड, पुरुषांच्या थोड्या लांब. आत स्नायू, त्यावर लवचिक पट्टा, त्यावर एकदम मऊ असा थर आणि सगळ्यात वर पातळ अस्तर. आवाज काढताना हे दोन्ही एकमेकींवर आपटतात आणि किती वेळा आपटतात ते ऐकून आपल्यालाच विश्वास बसत नाही. वाद्यं जुळवायला जो 440 चा सूर वापरतात तो गायचा म्हणजे एका सेकंदात 440 वेळा. दोन तासांच्या शोमधे प्रत्यक्ष आवाज एक तासच चालू होता असं धरलं आणि सरासरी सेकंदाला 200 धरलं तरी 7 लाख 20 हजार धडका होतात. दोन तास न थांबता टाळ्या वाजवल्या तर तळहात लाल होऊन फुगणारच ना, तेच आत होतं. त्या मऊ थरात पाणी जमतं, कॉर्ड जाड आणि जड होते, जड झाली की हळू हलते म्हणून आवाज खाली जातो, आणि दोन्ही कडा नीट मिटत नाहीत म्हणून मधून हवा सुटते, तो घोगरेपणा.

यात एक मोठी गंमत आहे. शोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालचे सूर फार सुंदर लागतात. एरवी न लागणारा खर्ज अचानक लागतो, आवाज भारदस्त वाटतो आणि माणूस खूष होतो की वा, आवाज तापला. तापला नाहीये, सुजलाय. खालून जितकं मिळालंय तितकं वरून गेलेलं असतं, आणि वरचे सूर हळू आवाजात लावून बघितले की लगेच कळतं. जोरात लावले तर लागतात, म्हणून जोरात लावून तपासायचं नाही.

दुसरं म्हणजे थकवा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हीला वेगळं औषध लागतं. एक ही सूज. दुसरा स्नायूंचा थकवा, म्हणजे मानेच्या बाजू, जबडा, जिभेचं मूळ, हनुवटीखालचा भाग आखडलेला, गिळताना घसा वर ओढल्यासारखा, बोलायला कष्ट पडतात पण आवाज ऐकायला तसा ठीक असतो. सूज शांत बसल्याने उतरते, आखडलेले स्नायू मात्र नुसतं गप्प बसून सुटत नाहीत, त्यांना हलवावं लागतं. बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं, म्हणून नुसतं "मौन पाळा" हा सल्ला अर्धवट आहे.

स्टेजवरून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं

कोणालाही भेटायच्या आधी कूलडाऊन करा, म्हणजे गाऊन झाल्यावर आवाज हळूहळू शांत करायचा हलका व्यायाम. वॉर्मअप सगळे करतात, कूलडाऊन करणारा माणूस क्वचित दिसतो, कारण उतरल्याबरोबर लोक येऊन गराडा घालतात. त्यामुळे ते आधीच ठरवून ठेवावं लागतं, की उतरलो की मी थेट ग्रीनरूममधे किंवा अगदीच नसेल तर बाथरूममधे, आणि दहा मिनिटं दार बंद. आधी दोन-चार घोट पाणी, मग एक मिनिट नुसता श्वास, खांदे खाली, पोट सैल. शोमधे श्वास छातीत वर वर चढलेला असतो तो खाली येऊ द्या, नाहीतर पुढचं सगळं ताणूनच होतं.

मग स्ट्रॉ. एका बाटलीत किंवा ग्लासात अर्ध पाणी घ्या, साधी स्ट्रॉ पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि स्ट्रॉमधून "ऊ" काढा, पाण्यात बुडबुडे यायला पाहिजेत आणि आवाजही चालू पाहिजे. गाल थोडे हलले तर हलू देत. आवाज एकदम हळू. मधल्या सुरावरून सुरू करून हळूहळू खाली घसरत यायचं, परत थोडं वरून सुरू, परत खाली. हवा नाकातून सुटत नाहीये ना ते बघायला मधेच नाक चिमटीत धरा, आवाजात काही फरक पडला नाही तर बरोबर चाललंय. तीन-चार मिनिटं पुरे. पाणी नसेल तर नुसती स्ट्रॉ हवेत धरून करा, स्ट्रॉही नसेल तर ओठ फुर्रर्र करत किंवा तोंड मिटून "म्म्म" करत.

हे का चालतं? तोंडाशी वाट अरुंद केली की आतला हवेचा दाब थोडा वाढतो आणि तो दाब कॉर्ड किंचित दूर धरतो, त्यामुळे त्या हलतात पण जोरात आपटत नाहीत. शिवाय हलल्यामुळे वर साचलेला कफ सुटतो आणि आखडलेले स्नायू मोकळे होतात. हे काही इंटरनेटवर निघालेलं नवीन फॅड नाही, फिनलंडमधे 1960 च्या दशकापासून काचेची नळी पाण्यात धरून आवाजाचे उपचार करतात, आणि पुढे इंगो टिट्झ या आवाजाच्या शास्त्रज्ञाने त्यामागचं गणित मांडून स्ट्रॉ जगभर पोचवली.

स्ट्रॉ झाली की दोन मिनिटं जबडा. कानाच्या पुढे, दात आवळले की जिथे गाठ वर येते तिथे बोटांनी गोल गोल दाबायचं, तोंड अर्धवट उघडं ठेवून. मग जीभ बाहेर काढून सोडायची, हनुवटीखाली अंगठ्याने हळू दाबायचं, मान दोन्ही बाजूला. गळ्याच्या मधल्या हाडावर जोर लावू नका, तो भाग नाजूक आहे. शेवटी नेहमीच्या बोलायच्या आवाजात चार वाक्यं बोला, म्हणजे गाण्याच्या आवाजातून बोलण्याच्या आवाजात परत यायचं. ही शेवटची पायरी क्षुल्लक वाटते पण शोनंतर आपण बराच वेळ वरच्या पट्टीत बोलत राहतो आणि आपल्यालाच कळत नाही.

मग लोक येतात

आता खरा धोका. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, ठरवून नाही, ते होतंच. एटिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी हे दाखवलं आणि आजही त्याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात. म्हणजे "मी हळू बोलेन" असं ठरवून उपयोग नाही, स्पीकर चालू आहे तोपर्यंत तुम्ही हळू बोलूच शकत नाही. त्यामुळे उपाय एकच, जागा बदला. लोकांना बाहेरच्या पॅसेजमधे भेटा, दरवाज्याबाहेर भेटा, जिथे शांत आहे तिथे. तेही जमत नसेल तर अगदी जवळ जाऊन बोला, हातभर अंतरावरून बोलायला खोलीच्या त्या टोकाला बोलण्यापेक्षा खूप कमी जोर लागतो.

आणि बोलायचंच कशाला एवढं. फोटो काढा, हसा, हात जोडा, समोरच्याला बोलू द्या. लोकांना तुम्ही ऐकलंत एवढंच हवं असतं, तुम्ही त्यांना अख्खी गोष्ट सांगावी अशी अपेक्षा कोणाचीच नसते. ग्रुपमधल्या एकाला आधीच सांगून ठेवा की वीस मिनिटांनी मला येऊन ओढून ने. कानात इअरप्लग असले की आपला आवाज डोक्यात मोठा ऐकू येतो आणि आपोआप कमी जोर लावला जातो, काही जणांना हे फार उपयोगी पडतं, करून बघा.

घरी जाताना गाडीत गप्पा आणि फोन हाही मोठा खड्डा आहे. इंजिन, एसी, वारा, त्यावर लावलेली गाणी, आणि मागच्या सीटवरच्याशी मान वळवून बोलणं. शोचं पोस्टमॉर्टेम उद्या करा. मेसेज टाइप करा. विमानात तर अजूनच, तिथली हवा भयंकर कोरडी असते आणि गोंगाट सतत, तिथे झोपलेलं बरं.

कुजबुजणं मात्र नको. बऱ्याच जणांना वाटतं की आवाज न काढता कुजबुजलं म्हणजे विश्रांती. कुजबुजताना बहुतेकांचे कॉर्डच्या वरचे स्नायू आवळले जातात आणि कोरडी हवा जोरात घासून जाते. काही लोकांना त्याने काही होत नाही हे खरं, पण तुम्ही त्यातले आहात की नाही हे कॅमेरा आत घातल्याशिवाय कळणार नाही. त्यापेक्षा हळू, नेहमीच्या सुरात, थोडंसं बोला. किंवा गप्प बसा.

घसा खाकरणं हेही तसंच. शोनंतर कफ चिकटल्यासारखा वाटतो कारण सुजलेल्या अस्तरावर तो घट्ट होतो, मग आपण खाकरतो, खाकरल्याने कॉर्ड एकमेकींवर जोरात आपटतात, अजून सूज, अजून कफ. हे चक्र तोडायला पाण्याचा घोट घ्या, नाहीतर कोरडंच गिळा, किंवा आवाज न करता "ह्" करून हवा सोडा आणि मग गिळा. पहिले दोन दिवस वेड लागतं इतकी सवय असते, पण जाते.

पाणी, वाफ, गोळ्या आणि बाकी सगळे उपाय

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आपण जे पितो ते व्होकल कॉर्डला लागतच नाही. लागलं तर ठसका लागेल. गिळताना स्वरयंत्राचं झाकण बंद होतं आणि सगळं मागच्या अन्ननलिकेतून खाली जातं. म्हणजे पाणी पिऊन कॉर्ड ओल्या होतात त्या शरीरातून, पोटातून रक्तात आणि तिथून अस्तरात, आणि त्याला तास लागतात. म्हणून शोच्या ब्रेकमधे बाटली संपवून फक्त तोंड ओलं होतं आणि लघवीला लागते. शोनंतर पाणी प्याच, पण रात्रभरात थोडं थोडं, आणि खरं कामाला येतं ते शोच्या आदल्या दिवशी प्यायलेलं पाणी. लघवीचा रंग फिका आहे का एवढं बघितलं की झालं, लिटर मोजत बसायची गरज नाही.

वाफ मात्र थेट पोचते, कारण ती श्वासातून जाते. पाच-दहा मिनिटं साधी वाफ, त्यात काही बाम किंवा तेल टाकू नका, त्याने उलट काहींचा घसा कोरडा पडतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर डोकं घालून बसताना जपा, भांडं कलंडून भाजल्याच्या घटना खरोखर होतात. त्यापेक्षा वाफारा मशीन किंवा गरम पाण्याचा शॉवर चालू ठेवून बाथरूममधे बसा. नेब्युलायझर असेल तर 0.9 टक्क्याचं सलाइन त्यातून घेणं हा अनेक गायकांचा आवडता उपाय आहे, ते शरीरातल्या क्षारांच्या प्रमाणाचंच असतं त्यामुळे झोंबत नाही. वाफ घेऊन लगेच थंडगार एसीत जाऊन बसू नका एवढंच.

गुळण्यांचं पण तेच, मिठाच्या पाण्याने घशाच्या मागच्या भागाला बरं वाटतं, तिथे खवखव असेल तर जरूर करा, पण त्याने आवाज मोकळा होईल ही अपेक्षा नको कारण गुळणी कॉर्डपर्यंत जात नाही, आणि घरघर आवाज करत जोरात केली तर उलट ताणच. मध, कोमट पाणी, चहा, जे सुखावतं ते घ्या. सुखावणं हे पण काम आहे, घसा बरा वाटला की खाकरणं कमी होतं. फक्त त्यालाच इलाज समजू नका.

पुदिन्याच्या, मेंथॉलच्या गोळ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. त्या गारवा देतात, दुखणं झाकतात, आणि दुखणं झाकलं की आपण परत बोलायला लागतो. घसा बधिर करणारे स्प्रे तर शोच्या आसपास हातात पण घेऊ नका, दुखणं हाच तुमचा एकमेव इंडिकेटर आहे, तो बंद करून गाडी चालवायची नाही. चघळायचंच असेल तर साधी गोड गोळी चघळा, लाळ सुटली म्हणजे झालं.

औषधांमधे एक गोष्ट खरंच महत्त्वाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. ताणलेल्या कॉर्डमधे बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यातली एखादी फुटली तर आत रक्तस्राव होतो आणि या गोळ्या घेतल्या असतील तर तो वाढू शकतो. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम एका दिवसात जात नाही, आठवडाभर किंवा थोडा जास्तही टिकतो. शोनंतर डोकं किंवा अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, तिला हा त्रास नाही. हार्टसाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांपैकी ज्यांनी झोप येते आणि नाक सुकतं त्या घसाही सुकवतात, तेही लक्षात ठेवा.

आणि कोणी म्हणालं स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घे, उद्या टकाटक गाशील, तर आधी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) जाऊन कॉर्ड बघून घ्या. सूज उतरते हे खरं, पण आत रक्तस्राव असेल तर सूज उतरलेल्या आवाजात तुम्ही जोरात गाणार आणि जे आठवड्यात भरलं असतं ते महिन्यावर जाणार.

दारू आणि सिगरेट. नको. कारण सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ. कॉफीचा मात्र उगाच बाऊ केलाय, रोज पिणाऱ्याने एक-दोन कप घेतली तर अंगातलं पाणी काही आटत नाही. तिचा खरा प्रॉब्लेम अ‍ॅसिडिटी आणि झोप.

अ‍ॅसिडिटीवर जरा थांबतो, कारण गायकांचं हे खास दुखणं आहे. शो उशिरा संपतो, त्याआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं, मग रात्री बारा-एकला तिखट, तेलकट, भरपूर जेवायचं आणि तासाभरात आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल झोपेत वर चढतं आणि आधीच सुजलेल्या जागेवर जाऊन बसतं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही, नुसता सकाळी कफ, घशात गोळा अडकल्यासारखं आणि घोगरेपणा एवढंच असू शकतं, आणि आपण म्हणतो शोने आवाज बसला. तर शोच्या तीनेक तास आधी नीट जेवा, शोनंतर हलकं आणि थोडं, आणि जेवण ते झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या. ते शक्यच नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू 15-20 सेंटीमीटर वर उचला, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे घालून. उश्यांचा ढीग करून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि अजून दाब येतो.

झोपेला पर्याय नाही हे वेगळं सांगायला नको. खोलीत हवा फार कोरडी असेल, एसी किंवा हीटर रात्रभर असेल तर ह्युमिडिफायर लावा, नसेल तर ओला टॉवेल टांगा, 40 ते 60 टक्के आर्द्रता चांगली. नाक चोंदलं असेल तर झोपायच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा म्हणजे रात्रभर तोंडाने श्वास जाणार नाही, पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच वापरा, नळाचं तसंच नको.

सकाळी

उठल्या उठल्या आवाज तपासू नका. सगळ्यांचाच आवाज सकाळी जड असतो, त्यावरून काही कळत नाही. एक-दोन तास जाऊ द्या, पाणी, वाफ, अंघोळ होऊ द्या. मग एखाद्या साध्या गाण्याची एक ओळ तुमच्या वरच्या पट्टीत, एकदम हळू, बाळ झोपलंय आणि उठू नये इतक्या हळू गाऊन बघा. सूर लगेच लागतोय का, की आधी हवा जाते आणि मग आवाज येतो? मधेच तुटतो का? ईएनटी रॉबर्ट बॅस्टियन यांनी 1990 मधे असेच हळू आणि वरचे सूर वापरून सूज ओळखायची साधी पद्धत मांडली होती, आणि ती अजूनही सगळ्यात सोपी आहे. ही ओळ रोज, म्हणजे शो नसतानाही, त्याच सुरात करत जा, तरच शोनंतरचा फरक कळेल. एरवी कुठल्या सुरापर्यंत हळू जाता येतं हेच माहीत नसेल तर आज कमी झालं की नाही ते कसं कळणार.

तपासल्यावर ठरवायचं. वरचे सूर हळू लागतायत, फक्त मान आणि जबडा आखडलाय, तर हा स्नायूंचा थकवा, स्ट्रॉ, स्ट्रेचिंग, हलका रियाज करा आणि दिवस नेहमीसारखा घालवा. वरचे हळू सूर गेलेत पण बोलणं ठीक आहे, तर सूज आहे, आज गाणं बंद, बोलणं निम्मं, आणि दिवसातून चार-पाच वेळा दोन-तीन मिनिटं स्ट्रॉ, त्याहून जास्त नाही. बोलतानाच आवाज फाटतोय, मधे मधे गायब होतोय, तर जवळजवळ मौन, आणि उद्यापर्यंत काहीच फरक नाही पडला तर डॉक्टर.

किती वेळ लागतो? एरिक हंटर आणि टिट्झ यांनी लोकांना दोन तास मोठ्याने वाचायला लावून नंतर आवाज कसा परत येतो ते मोजलं होतं, तर पूर्ण पूर्ववत व्हायला साधारण 12 ते 18 तास लागले. ते वाचन होतं, गाणं नव्हे. त्यामुळे दणदणीत शोनंतर एक पूर्ण दिवस तरी मधे ठेवा, हा हिशेब मला योग्य वाटतो. आठवड्यात सलग तीन-चार शो लावणारे आयोजक हे मान्य करणार नाहीत, पण तुम्ही तारीख देताना मागू तर शकता.

आणि मौन जास्त ताणू नका. दोन दिवस कडक मौन पाळलं आणि तिसऱ्या दिवशी थेट शोमधे उभं राहिलं असं करणारे लोक आहेत, आणि मग म्हणतात आराम करून पण आवाज बसला. जपानमधल्या एका अभ्यासात कॉर्डचं ऑपरेशन झालेल्यांमधे सात दिवस मौन पाळणाऱ्यांपेक्षा तीन दिवसांनी हळूहळू बोलायला लागलेल्यांचा आवाज चांगला सुधारला. हलकी हालचाल जखम भरायला मदत करते, फक्त हलकी. रक्तस्राव हा अपवाद, तिथे पूर्ण मौन, त्यावर खाली येतो.

उद्या परत शो असेल तर

टाळता येत नसेल तर निदान खर्च कमी करा. साऊंडचेक पूर्ण आवाजात करू नका, माइकची लेव्हल लावायला दोन ओळी खऱ्या आवाजात द्या आणि बाकी वरचे सूर एक सप्तक खाली गाऊन किंवा गुणगुणून काढा. गाणी अर्ध्या-एका स्वराने खाली आणा, ऐकणाऱ्याला पट्टी कळत नाही, चिरकलेला सूर मात्र प्रत्येकाला कळतो. सगळ्यात कठीण गाणं अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी नको, आवाज गरम झाल्यावर आणि थकायच्या आत, म्हणजे साधारण मधे. मॉनिटरमधे स्वतःचा आवाज नीट मागून घ्या, लाजू नका, तो ऐकू येत नाही म्हणूनच माणूस ओरडतो. निवेदन दुसऱ्या कोणाला द्या. कोरसच्या ओळी कोरसला गाऊ द्या. वॉर्मअप नेहमीपेक्षा लांबवू नका, फक्त हळू करा, सुजलेल्या आवाजाला वीस मिनिटं वॉर्मअप म्हणजे अजून वीस मिनिटं गाणंच झालं.

डॉक्टरकडे कधी

गाता गाता किंवा ओरडताना एकाएकी आवाज गेला, काही तुटल्यासारखं वाटलं किंवा एका क्षणात अर्धी रेंज गायब झाली, तर ते रक्तस्राव असू शकतं. दुखेलच असं नाही, बऱ्याचदा दुखतच नाही. तिथल्या तिथे थांबा, उरलेली गाणी सोडा, स्ट्रॉसुद्धा नको, पूर्ण गप्प, आणि शक्य तितक्या लवकर ईएनटी. थुंकीत रक्त, श्वास घ्यायला त्रास, गिळताना खूप दुखणं, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तरी वाट बघू नका. साधा घोगरेपणा असेल तर अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेची 2018 ची मार्गदर्शक सूचना सांगते की चार आठवड्यांत गेला नाही तर स्वरयंत्र बघितलंच पाहिजे, आणि आवाजावर पोट असणाऱ्याने त्याच्याही आधी दाखवावं. मी म्हणेन गाणाऱ्याने दोन आठवड्यांच्या पुढे जाऊच नये.

डॉक्टरला विचारा की स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्याने केलेली कॉर्डची तपासणी, होईल का. नुसत्या दिव्याने किंवा साध्या कॅमेऱ्याने कॉर्ड हलताना धूसरच दिसतात, स्ट्रोबमधे ती हालचाल संथ झालेली दिसते आणि छोटी सूज, कडक भाग, गाठ तिथेच कळते. (स्वतःचं हलतं स्वरयंत्र आरशात बघण्यासाठी प्रसिद्ध झालेला माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा शिक्षक होता, मॅन्युएल गार्सिया, 1854 मधे, त्यामुळे गायकाने ईएनटीकडे जायला कसला संकोच.) जाताना हे लिहून न्या: आवाज कधी आणि कुठल्या गाण्यात बिघडला, एकदम की हळूहळू, वरचा हळू सूर आधी कुठपर्यंत जायचा आणि आता कुठे अडकतो, कुठल्या गोळ्या चालू आहेत, रात्री किती वाजता जेवता, पुढचा शो कधी आहे. आणि रोजची ती हळू ओळ आधीपासून फोनवर रेकॉर्ड करून ठेवली असेल, चांगल्या दिवसाची एक आणि आत्ताची एक, तर दोन्ही ऐकवा.